घर ठरवायच्या आधी टेप आणि खुर्ची घेऊन जा

गेल्या नऊ वर्षांत सांगलीतलं हे माझं तिसरं भाड्याचं घर. कमरेखाली हालचाल नाही, व्हीलचेअरवर असतो, सोबत आई. दर वेळी काहीतरी बघायचं राहिलं आणि दर वेळी ते टोकन देऊन झाल्यावरच कळलं, म्हणून या वेळी सगळं लिहून ठेवतोय, कुणाला उपयोग झाला तर झाला, आणि घरमालकांनी वाचलं तर अजून बरं.

पहिलं म्हणजे एरिया. एजंटला 'ग्राउंड फ्लोअर पाहिजे' एवढंच सांगितलं की तो गावभाग नाहीतर शामरावनगरकडं नेतो, भाडं जरा कमी असतं, आपण लगेच खूश. पण सांगलीत तळमजला घ्यायचा म्हणजे आधी नदीला विचारायचं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. मी तेव्हा गावभागातच होतो, गल्लीतल्या चार पोरांनी उचलून बोटीत घातलं, पोरं देवासारखी धावली यात शंका नाही, पण खुर्ची मागं राहिली आणि पुढं मामाकडं दोन आठवडे मी कॉटवर पडून, संडासला जायचं म्हटलं तरी मामाच्या पोराला हाक मारायची. तेव्हापासून एजंटला नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारतो की २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. आता विश्रामबागला आहे, अडीच हजार जास्त जातात, जाऊ देत. लिफ्टवालं अपार्टमेंट घ्यायचं असेल तर लिफ्टला बॅकअप आहे का बघा, आणि लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत का तेही बघा, कारण असतातच.

घर बघायला स्वतः खुर्चीवर जा. भावाला पाठवून फोटो मागवू नका, फोटोत उंबरा दिसत नाही. सोबत टेप घ्या आणि आपल्या खुर्चीची रुंदी चाकाच्या बाहेरच्या रिंगपासून रिंगपर्यंत मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा, माझी २५ इंच भरते. दरवाजा मोजताना चौकट मोजायची नाही, दार उघडून मधली मोकळी जागा मोजायची, कारण दाराची जाडी आणि बिजागरं मिळून दोन इंच सहज खातात. ३२ इंच मोकळे मिळाले तर हात न खरचटता जाता येतं, ३६ मिळाले तर राजेशाही. हॉलचा दरवाजा बहुतेक ठिकाणी बसतो, अडतं ते बाथरूमला, तिथं अडीच फुटी दार लावलेलं असतं नाहीतर त्याहून लहान. खुर्ची जागेवर वळवायला पाच बाय पाच फूट मोकळं लागतं, बेडरूममध्ये कपाट कुठं येणार ते धरून मोजा, रिकाम्या घरात काय, ट्रक पण वळतो.

पायऱ्यांचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट रॅम्प. सहा इंचाची एक पायरी असेल तर सहा फूट, तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट आणि तेवढं अंगण कुणाकडं असतंय! 'करू की रॅम्प, त्यात काय' म्हणणारे मालक दोन फुटांत घसरगुंडी करून देतात, त्यावरून मागं कलंडलोय मी, डोक्याला तीन टाके. भाड्याच्या घरात सिमेंटचा रॅम्प करूच नका असं माझं मत आहे. फॅब्रिकेटरकडून चेकर्ड प्लेटचा, म्हणजे उंचवट्यांची नक्षी असलेल्या पत्र्याचा, लोखंडी करून घ्या, दोन्ही कडांना दोन इंचाची पट्टी उभी मारायला सांगा म्हणजे चाक बाहेर जात नाही, आणि दोन तुकड्यांत करा. घर सोडताना टेम्पोत घालून नेता येतो, माझा दुसऱ्या घरातला रॅम्प इथं चाललाय. गेटबाहेर गटारावर जाळी असेल तर गज चाकाला आडवे आहेत का बघा, उभे असले की पुढचं छोटं चाक बरोबर फटीत जाऊन बसतं.

आता बाथरूम, सगळा जीव तिथंच अडकलेला असतो. आधी दार. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत पडला तर दार त्याच्याच अंगावर अडतं, बाहेरून कुणी ढकलू शकत नाही, म्हणून ते काढून बाहेर उघडणारं करा नाहीतर पीव्हीसीचं फोल्डिंग लावा. काढलेलं दार, बिजागरं, स्क्रू सगळं एका पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, सोडताना परत बसवून द्यायचंय. उंबरा फोडायला मालक तयार नसतो कारण पाणी बाहेर येतं, त्याचंही बरोबर आहे, तिथं दोन्हीकडून लाकडी पाचर टाकली की भागतं. कमोडची उंची १५-१६ इंच असते आणि खुर्चीची सीट १९-२०, उतरताना सोपं वाटतं पण परत वर चढताना खांदे निघतात, त्यामुळं कमोडवर बसवून सीट उंच करायचा रेझर घ्या. भारतीय संडास असेल तर चाकाची कमोड खुर्ची थेट त्याच्यावर नेता येते का बघा, बऱ्याचदा तो भाग पायरीएवढा उंच केलेला असतो. आणि पकडायचे बार. ते रबरी व्हॅक्यूमचे चिकटवायचे बार ऑनलाइन स्वस्त मिळतात, त्याला टॉवेल लटकवा, जीव लटकवू नका. स्टीलचा बार, अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मारून, आणि भिंत विटेची आहे की हलक्या ब्लॉकची ते आधी मालकाला विचारून, कारण ब्लॉकमध्ये साधा फास्टनर उपटून येतो. टाइल फुटायची भीती मालकाला सगळ्यात जास्त, प्लंबरला सांगायचं की टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेव.

अजून एक, हे फक्त ज्यांच्या पायाला संवेदना नाही त्यांच्यासाठी, पण सगळ्यात महत्त्वाचं. इकडं पाणी तापवायचं सोलर घरोघरी आहे आणि दुपारी त्याचं पाणी उकळतं असतं. पायाला भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावर आई बघते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हाताच्या कोपरानं बघून, आणि गरम पाण्याचा पाईप उघडा असेल तर त्यावर फोमची नळी चढवायची.

किचन आईचं, त्यामुळं मी थोडक्यात आटपतो. ओट्याखाली गुडघे जात नाहीत, म्हणून स्वतः चहा करायचा तर साधं टेबल आणि त्यावर इंडक्शन. स्विच चार फुटांच्या वर असतील तर एक एक्स्टेंशन बोर्ड बेडजवळ. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाचं घर असेल तर मात्र मोडतोड फारशी नाही, फर्निचरची जागा हलवायची नाही आणि गॅसच्या बटणावर एम-सीलचा ठिपका लावायचा, ऐकू न येणाऱ्यासाठी दिवा लागणारी बेल.

मालकाशी बोलणं ॲडव्हान्सच्या आधी, आणि कागदावर. अकरा महिन्यांच्या करारात आम्ही तीन ओळी टाकल्या: काय काय बदलणार, खर्च कुणाचा, सोडताना काय काढायचं नि काय ठेवायचं. कराराची नोंदणी १९९९ च्या भाडे कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे, 'कशाला उगाच' म्हणाले तरी करून घ्या, म्हणजे त्या तीन ओळींना वजन येतं. आत्ताचे काका चांगले आहेत, पहिल्यांदा मला सोडून आईशीच बोलत होते, 'याला जमतंय का' वगैरे. मी म्हटलं काका, भाडं मी देणार, मला विचारा. त्यांनीच मग बारचा अर्धा खर्च घातला. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात, त्यातून त्या वर्षी काय मिळतंय याची चौकशी जरूर करा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, पत्ता बदलला की नवीन करार जोडायचा. पण रॅम्पसाठी त्या पैशाची वाट बघत बसू नका.

सामान हलवायच्या दिवशी पहिल्या टेम्पोत रॅम्प, कमोड खुर्ची, गादी, बाकी फ्रिज-बिज नंतर. त्या रात्री लाइट बंद करून बेडवरून बाथरूमपर्यंत जाऊन या, घरात कुणीतरी जागं असताना. मी गेलो तर कूलर वाटेत.