रेसिंग सिम्युलेटर: खेळताना आणि बनवताना या चुका टाळा

सिम नवीन घेतलं, पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरली, की निकाल तयार असतो: "फिजिक्स बेकार आहे." तिकडे सिम बनवणाऱ्यांकडे तक्रार जाते की गाडी बर्फावर चालल्यासारखी वाटते, आणि ते टायरची ग्रिप दहा टक्के वाढवून मोकळे होतात. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! बहुतेक वेळा गाडीचं गणित ठीकच असतं. ते ड्रायव्हरच्या हातापायांपर्यंत आणि डोळ्यांपर्यंत नीट पोहोचत नसतं. खाली आधी खेळणाऱ्यांच्या चुका आहेत, मग बनवणाऱ्यांच्या.

फोर्स फीडबॅकचा गेन वाढवत नेणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून सविस्तर.

फोर्स फीडबॅक म्हणजे गाडीचा जोर व्हीलमधल्या (खेळायच्या स्टिअरिंगमधल्या) मोटरनं हाताला जाणवून देणं, आणि गेन म्हणजे तो जोर किती पट करायचा ते प्रमाण. या मोटरला ताकदीची मर्यादा असते. गिअरवर चालणारी सुरुवातीची व्हील साधारण २ न्यूटन-मीटर जोर देतात, डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट स्टिअरिंगला जोडलेली) ५ पासून २० च्याही पुढे जातात. गेम जो जोर मागतो तो या मर्यादेच्या टक्केवारीत बसवावा लागतो. गेन इतका वाढवला की मधल्या वेगाच्या वळणावरच सिग्नल १०० टक्क्यांना टेकला, तर त्यापुढचं सगळं सपाट होतं. याला क्लिपिंग म्हणतात.

सपाट झाल्यानं नेमकं काय जातं? वळणात पुढच्या टायरचा बाजूचा जोर स्टिअरिंगला सरळ करू पाहतो. टायर जसजसा जास्त कोनात घसरतो, तसतसा त्याच्या जमिनीला टेकलेल्या भागाचा मागचा हिस्सा आधी सुटतो. त्यामुळे हा सरळ करणारा पीळ, ग्रिप संपायच्या थोडा आधीच कमी व्हायला लागतो. हातातलं स्टिअरिंग किंचित हलकं होतं. ड्रायव्हरला मिळणारी सगळ्यात मोलाची सूचना हीच. आता सिग्नल १३० टक्क्यांवरून ११० वर उतरला, तर कागदावर फरक पडला, पण मोटर दोन्ही वेळा १०० वरच अडकलेली. हाताला काहीच कळलं नाही आणि गाडी सरळ बाहेर गेली.

पुढची कहाणी ठरलेली असते. माणूस म्हणतो, "व्हील मेल्यासारखं वाटतंय," आणि गेन आणखी वाढवतो. मग अंडरस्टिअर इफेक्ट, रोड इफेक्ट, कर्ब (वळणाच्या कडेची दातेरी पट्टी) इफेक्ट असे सगळे स्लायडर वर. आता व्हील सारखं खडखडतं आणि ते "जिवंत" वाटायला लागतं, पण त्या खडखडाटाखाली उरलासुरला खरा सिग्नलही गाडला जातो. मग कुणाच्या तरी सेटिंगचा स्क्रीनशॉट उतरवला जातो, ज्याचं व्हील वेगळं, गाडी वेगळी आणि व्हीलच्या सॉफ्टवेअरची आवृत्तीही वेगळी. शेवटी तिप्पट ताकदीचं नवीन व्हील येतं, त्यावरही तोच गेन लावला जातो आणि तिथेही तेच क्लिपिंग. पैसे गेले, दुखणं तसंच.

माझी पद्धत साधी आहे. व्हीलच्या सॉफ्टवेअरमधली सेंटरिंग स्प्रिंग (व्हील आपोआप मध्यभागी ओढणारा बनावट जोर) बंद. गेममधले सगळे जादा इफेक्ट शून्य. लहान व्हील असेल तर सॉफ्टवेअरमधली एकूण ताकद १००, आणि गेममधला गेन ६० च्या आसपास. मग ट्रॅकवरचं सगळ्यात लांब, वेगवान वळण निवडायचं आणि ते पूर्ण वेगानं घेताना फोर्स फीडबॅकची पट्टी बघायची. बहुतेक सिममध्ये ती स्क्रीनवर आणता येते, आणि असेट्टो कोर्सामध्ये ती पेडल दाखवणाऱ्या छोट्या खिडकीतच असते. कर्बवर किंवा मोठ्या धक्क्याला पट्टी क्षणभर टोकाला गेली तर चालेल, पण वळणभर टोकाला टेकून राहिली तर गेन पाच टक्क्यांनी कमी करा आणि पुन्हा बघा. गाडी बदलली की हे परत करा, कारण मोठे विंग असलेली गाडी वेगात दुप्पट जोर मागू शकते.

गिअर किंवा बेल्टच्या व्हीलला मध्यभागी थोडा मुका भाग असतो. त्यासाठी मिनिमम फोर्स (मोटरनं द्यायचा किमान जोर) शून्यापासून एकेक टक्का वाढवत न्या. सरळ रस्त्यावर हात सैल सोडल्यावर व्हील आपोआप डावी-उजवीकडे झुलायला लागलं की एक पायरी मागे या. डायरेक्ट ड्राइव्हवर हा आकडा शून्यच ठेवा. आणि तिथे पहिल्या दिवशी पूर्ण ताकद लावू नका: भिंतीला धडक बसली की व्हील झटक्यात फिरतं, त्यामुळे अंगठे रिंगच्या आत अडकवून धरायचे नाहीत.

फील्ड ऑफ व्ह्यू डोळ्यांना आवडेल तसा ठेवणं

फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे स्क्रीनवर दृश्याचा किती अंशांचा कोन दिसतो ते. रुंद कोनात वेग जास्त वाटतो आणि आजूबाजूचं जास्त दिसतं, म्हणून सगळे ९० अंशांकडे धावतात. पण त्यामुळे वळण आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि ब्रेक उशिरा लागतो. बरोबर कोन मोजता येतो: स्क्रीनची अर्धी रुंदी भागिले डोळ्यांपासूनचं अंतर, त्याचा आर्कटॅन, गुणिले दोन. २७ इंची रुंद मॉनिटर सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो. डोळे ६० सेंटीमीटरवर असतील तर आडवा कोन साधारण ५३ अंश येतो आणि उभा ३१. सगळे सिम एकच कोन विचारत नाहीत: आयरेसिंगला आडवा लागतो, असेट्टो कोर्साला उभा. आडव्याचा आकडा उभ्याच्या रकान्यात टाकला की सगळं विस्कटतं.

पहिले दोन दिवस हे दृश्य दुर्बिणीतून बघितल्यासारखं अरुंद वाटेल. तरी बदलू नका. फारच अरुंद वाटत असेल तर मॉनिटर व्हीलच्या मागे जितका जवळ आणता येईल तितका आणा, कारण अंतर कमी झालं की कोन प्रामाणिकपणे वाढतो. पैसे न लागणारी यापेक्षा मोठी सुधारणा नाही, आणि तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

बाकीच्या, थोडक्यात

खाली चाकं असलेली ऑफिसची खुर्ची. ब्रेक दाबला की माणूस मागे सरकतो, म्हणजे प्रत्येक वेळी ब्रेकचा जोर वेगळा. चाकं अडवा किंवा खुर्ची पेडलच्या बैठकीला पट्ट्यानं बांधा.

लोड सेलचं ब्रेक पेडल घ्यायचं आणि पूर्ण ताकदीनं दाबून कॅलिब्रेट करायचं, हे करू नका. लोड सेल पाय किती सरकला हे मोजत नाही, किती जोर लावला ते मोजतो. अर्धा तास न थकता परत परत लावता येईल असा जोर म्हणजे १०० टक्के. पोटेन्शिओमीटरचं (किती सरकलं ते मोजणारं) पेडल जुनं झालं की आकडा थरथरतो. आधी केबल काढून, उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा. शेवटचा उपाय म्हणून दोन-तीन टक्के डेडझोन, म्हणजे सुरुवातीची तेवढी हालचाल गेमनं मोजायचीच नाही.

व्हीलचा फिरण्याचा कोन सगळ्या गाड्यांना एकच ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये ९०० अंश ठेवून गाडीनुसार कमी करणं गेमवर सोडा. हातातलं व्हील ९० अंश फिरवलं की स्क्रीनवरचंही तितकंच फिरलं पाहिजे.

ग्राफिक्स एकट्यानं लॅप मारताना ठरवू नका. पाऊस, पूर्ण ग्रिड (सुरुवातीला रांगेत उभ्या सगळ्या गाड्या) आणि शर्यतीची सुरुवात, अशा वेळी फ्रेमरेट काय राहतो ते बघून ठरवा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याशी जुळवणारी सेटिंग) बंद. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि व्ही-सिंक अशा एक-दोन फ्रेम सहज खातं. मग घसरलेली गाडी सावरताना हात नेहमी उशिरा पोहोचतो.

सगळ्यात वेगवान माणसाचा सेटअप उतरवून घेण्याची घाई तर अनावर असते. तो सेटअप मागून सैल ठेवलेला असतो, कारण त्या माणसाला गाडीची मागची बाजू पायानं सांभाळता येते. तुम्हाला अजून येत नाही. गेमनं दिलेला सुरक्षित सेटअप घ्या, फक्त इंधन आणि टायरचं प्रेशर बदला. लागोपाठ दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या फरकात येईपर्यंत बाकी कशाला हात लावू नका. त्यानंतर एका वेळी एकच बदल. आणि पहिल्या लॅपला टायर थंड असतात, तेव्हा त्या लॅपवरून गाडीबद्दल मत बनवू नका.

बनवणाऱ्यांची पहिली चूक: गेम इंजिनचा टाइमस्टेप आहे तसा ठेवणं

युनिटी या गेम इंजिनमध्ये फिजिक्सचा ठरलेला टाइमस्टेप ०.०२ सेकंद असतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हिशेब. २०० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका हिशेबात १.१ मीटर पुढे जाते. कर्बचे दात ३० सेंटीमीटरवर असतील तर चाक तीन दात ओलांडून चौथ्यावर उतरतं. मग फोर्स फीडबॅकमध्ये कर्ब जाणवत नाही म्हणून त्यावर बनावट थरथर चढवली जाते. असेट्टो कोर्साचं फिजिक्स ३३३ हर्ट्झवर चालतं, आयरेसिंगचं ३६० वर, बीमएनजीचं २००० वर. हे आकडे हौसेखातर निवडलेले नाहीत.

खरा घोळ कमी वेगात होतो. गाडी ग्रिडवर उभी असताना थरथरते, उतारावर हळूहळू घसरते, पिटमध्ये शिरताना चाकं उड्या मारतात. कारण स्लिप रेशोच्या (चाकाचा फिरण्याचा वेग गाडीच्या वेगापेक्षा किती वेगळा, त्या प्रमाणाच्या) सूत्रात छेदात गाडीचा वेग असतो, आणि वेग शून्याकडे गेला की भागाकार फुटतो. आकडे घालून बघा. टायरचा लांबीच्या दिशेचा ताठपणा ८०,००० न्यूटन, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, चाकाचं जडत्व १ किलोग्रॅम-वर्गमीटर. चाकाच्या गतीतली चूक सुधारण्याचा दर येतो ७,२०० भागिले वेग. सेकंदाला ५ मीटर वेगाला तो १,४४०. साध्या ऑयलर पद्धतीला (प्रत्येक टाइमस्टेपला एकच सरळ पाऊल टाकणाऱ्या हिशेबाला) स्थिर राहायचं तर टाइमस्टेप २ भागिले हा दर, म्हणजे १.४ मिलिसेकंदांपेक्षा लहान हवा. ३३३ हर्ट्झचा टाइमस्टेप ३ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तोही पुरत नाही. सेकंदाला १ मीटर वेगाला तर ०.२८ मिलिसेकंद लागतात. नुसती फ्रिक्वेन्सी वाढवून हे कधीच सुटणार नाही.

शॉर्टकट सगळ्यांना सुचतो तोच: ताशी ५ किलोमीटरच्या खाली गाडी गोठवून टाकायची. मग हिरवा दिवा लागल्यावर गाडी झटका मारून सुटते, चढावरचा स्टार्ट खोटा वाटतो, आणि क्लच हळू सोडणाऱ्या खेळाडूची सगळी मेहनत वाया जाते. तो झटका लपवायला ट्रॅक्शन कंट्रोल, ते लपवायला आणखी काही. सहा महिन्यांनी त्या कोडला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

योग्य वाट रिलॅक्सेशन लेंग्थची. टायरचा जोर स्लिप बदलल्याक्षणी तयार होत नाही, काही अंतर घरंगळल्यावर चढतो. स्लिपला स्वतंत्र स्थिती मानून ती या अंतरानुसार हळूहळू बदलू द्या. हे अंतर टायरप्रमाणे साधारण ०.१ ते ०.५ मीटर असतं. असं केलं की वेग छेदातून निघून जातो. पूर्ण थांबलेल्या गाडीसाठी टायर आणि जमिनीच्या मध्ये स्प्रिंग-डॅम्पर धरा, म्हणजे ती उतारावर टिकते. शिवाय चाकाच्या फिरण्याचा हिशेब प्रत्येक टाइमस्टेपमध्ये आठ-दहा तुकड्यांत करा. तो स्वस्त असतो, सगळ्या गाडीचा हिशेब तितक्यांदा करावा लागत नाही. ग्राफिक्सच्या फ्रेमशी फिजिक्सचा टाइमस्टेप बांधायचा नाही, हे तर सांगायलाही नको, पण तरी दर वेळी सांगावं लागतं.

आणि टेलिमेट्रीशिवाय टायर ट्यून करणं

टेलिमेट्री म्हणजे गाडी चालताना नोंदवलेले आकडे. पॅसेकाच्या सूत्रात (टायरचा जोर काढायच्या प्रसिद्ध सूत्रात) गुणांक बदलून, गाडी चालवून, "आता बरं वाटतंय" म्हणणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे. प्रत्येक चाकाचा भार, स्लिप अँगल (टायरचं तोंड आणि त्याची खरी दिशा यांतला कोन), स्लिप रेशो आणि तिन्ही दिशांचा जोर फाईलमध्ये लिहा. मग आलेख काढा. भार दुप्पट झाला की बाजूचा जोर दुपटीपेक्षा कमी वाढला पाहिजे. तसं नसेल तर अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) बदलून गाडीच्या तोलात फारसा फरक पडणार नाही, आणि खेळाडू सेटअपला दोष देत बसतील.

परवाना, नेटवर्क, आणि गाड्यांची संख्या

दुसऱ्या गेममधून काढलेलं मॉडेल वापरू नका, मॉडमध्येही (चाहत्यांनी बनवलेल्या जोडणीतही) नाही. खऱ्या गाडीचं नाव, लोगो आणि ट्रॅकचं नाव यांना परवाना लागतो. तो परवडत नसेल तर काल्पनिक गाडी बनवा, पण तिचं वजन, व्हीलबेस आणि सस्पेन्शनची भूमिती पूर्ण खरी ठेवा.

४० अर्धवट गाड्यांपेक्षा ३ पूर्ण गाड्या बऱ्या. कमी लोक खेळतात अशा सिमचं आयुष्य गाड्यांच्या यादीवर ठरत नाही, फाईली किती मोकळ्या आहेत यावर ठरतं. ग्रँड प्रिक्स लेजेंड्स १९९८ चा आणि रिचर्ड बर्न्स रॅली २००४ चा. दोन्हींसाठी चाहते पुढे कित्येक वर्षं नवे ट्रॅक आणि स्टेज बनवत राहिले. मॉडला दार बंद केलंत तर सर्व्हर रिकामे होतात. खेळाडू थोडे असतील तर रोज चोवीस तास लॉबी उघडी ठेवण्यापेक्षा आठवड्यातली एक वेळ ठरवा, आणि एकट्यासाठी संगणकाच्या गाड्या नीट चालवा.

नेटवर्कवर दुसऱ्याची गाडी नेहमी अंदाजानं दाखवावी लागते. सेकंदाला ५५ मीटर वेगाला १५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ८ मीटर, त्यामुळे शेवटची आलेली जागा जशीच्या तशी दाखवून चालत नाही. वेग धरून पुढे ढकलावी लागते. पण अर्धा सेकंद पॅकेट आलंच नाही आणि समोरच्यानं १ जी नं ब्रेक मारला असेल, तर अंदाज सव्वा मीटरनं चुकतो, म्हणजे मागच्याची सरळ धडक. म्हणून पॅकेट ठरावीक मर्यादेपेक्षा जुनं झालं की त्या गाडीची टक्कर बंद करा. नवी जागा कळल्यावर गाडी एकदम उडी मारून तिथे नेऊ नका, १५०-२०० मिलिसेकंदांत सरकवत न्या. आणि टक्कर परत सुरू करण्याआधी दोन गाड्या एकमेकींत शिरलेल्या नाहीत ना, हे तपासा. नाहीतर दोन्ही गाड्या हवेत भिरकावल्या जातात.