आधी बॅटऱ्यांची नोंद, मग होम असिस्टंटचे स्थलांतर

होम असिस्टंट, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणारी प्रणाली, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मेमरी कार्डावरून एसएसडी असलेल्या मिनी पीसीवर हलवायचे ठरले, की बहुतेक जण थेट बॅकअप घ्यायला बसतात. त्याच्या किमान आठवडाभर आधी बॅटऱ्यांवर देखरेख बसवावी, असे माझे मत आहे; कारण स्थलांतरानंतर एखादा सेन्सर गप्प झाला, तर दोष नव्या यंत्राचा की आधीच संपलेल्या सेलचा, हे त्या नोंदीवाचून कळत नाही.

नाशिकमधील आमच्या घरी गच्चीच्या दाराला सीआर २०३२ या बटण सेलवर चालणारा झिगबी (कमी विजेवर चालणारे बिनतारी जाळे) सेन्सर आहे. पडद्यावर त्याची बॅटरी ७४ टक्के दिसत होती आणि दार तीन दिवस 'बंद' होते. प्रत्यक्षात रोज सकाळी त्याच दाराने वाळवण वर जात होते. सेल संपला की आकडा शून्यावर येतो, ही समजूत चुकीची आहे. सेन्सर बोलायचाच थांबतो, त्यामुळे शेवटचा आकडा तसाच राहतो किंवा त्याजागी 'अनअव्हेलेबल' (अनुपलब्ध) येते, आणि 'बॅटरी २० टक्क्यांखाली गेल्यास कळवा' हा नियम दोन्ही वेळा मूग गिळून बसतो. शिवाय लिथियम बटण सेलचे व्होल्टेज बराच काळ ३ व्होल्टच्या आसपास टिकून शेवटी झपाट्याने ढासळते, आणि टक्केवारी बहुधा त्यावरूनच काढलेली असल्याने तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून ऑटोमेशनमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या नियमांत, दोन अटी ठेवाव्यात. पहिली, 'बॅटरी' या डिव्हाइस क्लासची (प्रकारची) कोणतीही एंटिटी, म्हणजे उपकरणाची नोंद, २५ टक्क्यांखाली सलग बारा तास राहिली तर सूचना यावी. बारा तासांची मुदत हौसेची नाही. नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत गच्चीवरच्या सेन्सरचा आकडा पहाटे घसरतो आणि ऊन चढले की पुन्हा वर येतो, त्यामुळे मुदत नसेल तर रोज पहाटे फोन वाजतो. दुसरी अट अधिक महत्त्वाची: कोणतेही उपकरण 'अनअव्हेलेबल' झाले तर त्याचे नाव यावे. झेडएचए या होम असिस्टंटमधील झिगबी जोडणीत बॅटरीवरचे उपकरण सहा तास गप्प राहिल्यास मूळ सेटिंगनुसार अनुपलब्ध ठरते. झिगबी२एमक्यूटीटी या तिच्या पर्यायात ही मुदत २५ तासांची आहे, पण 'अव्हेलेबिलिटी' ही सोय स्वतः चालू करावी लागते. सेल बदलल्यावर सेन्सरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस तारीख लिहून ठेवावी.

आठवड्याने सर्व उपकरणांची यादी कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच स्थलांतराला हात घालावा. त्यासाठी दुरुस्तीकरिता वीज बंद राहण्याचा दिवस टाळावा. जुन्या यंत्रावर पूर्ण बॅकअप घेऊन तो संगणकावर आणि पेनड्राइव्हवर उतरवावा, आणि बॅकअप कूटबद्ध असेल तर 'इमर्जन्सी किट'मधील किल्लीही सोबत ठेवावी. ती हरवली, तर तो बॅकअप उघडणार नाही. यानंतर जुने यंत्र बंद करून झिगबीचा डाँगल (झिगबी उपकरणांशी बोलणारी यूएसबी कांडी) काढावा. दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालवू नयेत, कारण मग प्रत्येक ऑटोमेशन दोनदा चालू शकते.

नव्या मिनी पीसीवर होम असिस्टंट चढवल्यावर पहिल्याच पडद्यावर बॅकअपमधून परत आणण्याचा पर्याय दिसतो. डाँगल तोच ठेवला, तर उपकरणे सहसा पुन्हा जोडावी लागत नाहीत. फक्त सेटिंगमध्ये त्याचा पत्ता 'बाय-आयडी' या मार्गाने, म्हणजे छिद्राऐवजी डाँगलच्या स्वतःच्या ओळखीवरून, दिलेला असावा, म्हणजे यूएसबीचे छिद्र बदलले तरी अडत नाही. डाँगल मीटरभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेंशनवर लावावा, कारण यूएसबी ३ पोर्टमुळे २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो आणि दूरचे सेन्सर तुटतात. नव्या यंत्राचा मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) वेगळा असल्याने राउटर त्याला नवा आयपी पत्ता देईल. म्हणून राउटरमध्ये जुना आयपी याच यंत्रासाठी राखून ठेवावा, अन्यथा फोनमधील ॲप आणि वायफायवरची काही उपकरणे जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतात.

मग कागदाची यादी घेऊन घरभर फिरावे. प्रत्येक दार उघडून मिटावे, प्रत्येक बटण दाबावे आणि पडद्यावर हालचाल दिसली की खूण करावी. खूण न झालेल्यांपैकी जे सेन्सर आधीपासूनच अशक्त होते, त्यांचे सेल प्रथम बदलावेत. उरलेल्यांना एक दिवस द्यावा आणि तरीही ते न बोलल्यास मगच पुन्हा जोडावेत. जुने मेमरी कार्ड महिनाभर पुसू नये.