.४५ची पुंगळी आणि दोन मापांचे प्रायमर: रिलोडिंग करताना या चुका टाळा

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसं घरी भरणाऱ्यांना (यालाच रिलोडिंग म्हणतात) सगळ्यात जास्त छळणारी पुंगळी, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर .४५ एसीपी. ९ एमएम, .३८ स्पेशल, .४० एस अँड डब्ल्यू यांना छोटा प्रायमर (बुडातल्या खाचेत बसणारी, ठोक्याने पेट घेऊन पावडर पेटवणारी टोपी) लागतो, .४४ मॅग्नमला मोठा. तिथे गोंधळ नाही. .४५ एसीपीमध्ये मात्र दोन्ही सापडतात, आणि बाहेरून पुंगळी अगदी सारखी दिसते.

१९११ साली अमेरिकी लष्कराने ब्राऊनिंगचं .४५ एसीपीचं पिस्तूल स्वीकारलं. तेव्हापासून कित्येक दशकं या काडतुसाला मोठाच प्रायमर बसत होता. पुढे बंदिस्त रेंजवरच्या हवेतल्या शिशाची चिंता वाढली, तसे लेड स्टिफ्नेट हे शिशाचं स्फोटक संयुग नसलेले प्रायमर आले आणि त्यांच्यासोबत छोट्या खाचेच्या .४५ पुंगळ्याही. नंतर साध्या प्रायमरच्या काडतुसांतही छोटी खाच दिसू लागली. ब्लेझर, स्पीअर, फेडरल यांच्या छोट्या खाचेच्या पुंगळ्या आता कुठल्याही रेंजवर मिळतात. एकच प्रायमर ९ एमएमलाही चालतो आणि .४५लाही, ही कारखान्याची सोय. निस्तरायचं मात्र रिलोडरने.

(भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. हा लेख अमेरिकेत राहून कायदेशीरपणे रिलोडिंग करणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे.)

शिक्का बघून वाटणी करणं

ही सर्वात सार्वत्रिक चूक. पुंगळीच्या बुडावर कंपनीचा शिक्का असतो, तो वाचून दोन ढीग करायचे आणि काम झालं असं समजायचं. पण फेडरलने .४५ दोन्ही खाचांमध्ये काढली आहे. शिक्का एकच, खाच वेगळी. ‘एनटी’ हा नॉन-टॉक्सिकचा शिक्का दिसला तर छोटी खाच असण्याची शक्यता दाट, इतकंच. उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

खाचच बघावी लागते. मोठ्या प्रायमरचा व्यास ०.२१० इंच, छोट्याचा ०.१७५. फरक मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी. हातात एकच पुंगळी असेल तर घाईत हा फरक निसटतो, पन्नास एकत्र असतील तर लगेच खटकतो. म्हणून लोडिंग ब्लॉकमध्ये (भोकं पाडलेल्या फळीत) सगळ्या पुंगळ्या बुड वर करून उभ्या कराव्यात आणि दिवा बाजूने, तिरपा धरावा. मोठ्या प्रायमरच्या पुंगळीत शिक्क्याची अक्षरं प्रायमरच्या कडेला जवळजवळ चिकटलेली दिसतात. छोट्याच्या भोवती पितळेचं रुंद कडं मोकळं राहतं. ओळींमध्ये असं एखादं रुंद कडं आलं की नजर आपोआप तिथे थांबते.

प्रायमर आधीच काढलेले असतील तर आणखी सोपं. ३/१६ इंची ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घ्या. तो मोठ्या खाचेत सहज उतरतो, छोट्या खाचेत जातच नाही. यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा गेज मला माहीत नाही. संध्याकाळी दिव्याखाली डोळे दमले की मी नजरेवर विसंबत नाही, दांडाच वापरतो.

वाटणी कधी करायची, हेही महत्त्वाचं. प्रेसवर, म्हणजे काडतूस भरायच्या यंत्रावर, बसल्यावर नव्हे. सामन्यानंतर रेंजवरून गोळा केलेल्या पितळात दहा जणांच्या पुंगळ्या मिसळलेल्या असतात. पितळ धुऊन-सुकवून झालं की लगेच निवडा आणि मगच डब्यात भरा. निवडताना लांबीकडेही लक्ष ठेवा. .४५ गॅप या वेगळ्या, आखूड काडतुसाची पुंगळी छोट्या प्रायमरचीच असते आणि लांबीला ०.७५५ इंच, एसीपीची ०.८९८. ढिगात ती ‘छोटी खाचवाली .४५’ म्हणून सहज खपून जाते. १० एमएम भरणाऱ्यांनाही सावध राहायला हवं. ती बहुतेक मोठ्या प्रायमरची असली तरी छोट्या खाचेचीही सापडते, आणि .४०ची पुंगळी बुडाकडून तिच्यासारखीच दिसते.

हँडल अडलं तरी जोर लावणं

बाकी चुकांमध्ये वेळ आणि पितळ वाया जातं. या चुकीत माणसाला इजा होऊ शकते, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रेस मोठ्या प्रायमरसाठी लावलेला आहे आणि मध्येच छोट्या खाचेची पुंगळी आली. अनेक प्रोग्रेसिव्ह (हँडलच्या एका फेरीत अनेक कामं करणाऱ्या) प्रेसवर हँडल पुढे ढकलून प्रायमर बसवतात. तिथे हात एकदम अडतो. पुंगळी नीट बसली नसेल, असं वाटून माणूस आणखी रेटतो. प्रायमर चेपतो, तिरका होतो, आणि कधी कधी फुटतो. शेजारी नळीत शंभरएक प्रायमर एकावर एक रचलेले असतात. एकाने पेट घेतला आणि तो नळीपर्यंत पोचला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. डिलनसारख्या प्रेसवर त्या नळीभोवती पोलादी आवरण असतं, ते याचसाठी. ते कधीही काढून ठेवू नका. आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसेल तर प्रेसला हात लावू नका.

हँडल अडलं की जोर सोडा, मागे घ्या, पुंगळी बाहेर काढून खाच बघा. आत चेपलेला प्रायमर अडकला असेल तर तो जिवंत आहे असंच धरून चाला. ठोकून काढायचा नाही. नळीतले बाकीचे प्रायमर आधी दूर ठेवा, पुंगळीत पावडर नाही याची खात्री करा, मग चष्मा आणि कानांचं संरक्षण लावून, दुसऱ्या सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर अगदी सावकाश दाब देऊन तो बाहेर काढा. मन धजत नसेल तर ती पुंगळी बाजूला ठेवा आणि रेंजवरच्या जाणत्या माणसाला दाखवा. एका पुंगळीसाठी धोका पत्करण्यात काहीही अर्थ नाही.

हँडल अडण्याचं कारण प्रत्येक वेळी छोटी खाचच असते असंही नाही. लष्करी पितळात आणि काही ‘एनटी’ पुंगळ्यांत प्रायमर जागचा हलू नये म्हणून खाचेची कड आत दाबलेली असते. तिला क्रिम्प म्हणतात. हाताला दोन्हींतला फरक कळतो. छोट्या खाचेत प्रायमर शिरतच नाही. क्रिम्प असेल तर तो थोडा आत जातो, मग घट्ट होतो, आणि बाहेर काढल्यावर त्याची कड खरवडलेली दिसते. क्रिम्पवर स्वेजिंगचा, म्हणजे आत दाबलेली कड दाबून मोकळी करण्याचा, उपाय आहे, छोट्या खाचेवर नाही. स्वेजिंगची सोय असलेला डिलन १०५० किंवा ११०० प्रेस वापरत असाल तर अडणं स्वेजच्या जागीच जाणवेल. तिथेही रेटू नका, नाहीतर स्वेज रॉडचं नुकसान होतं.

उलटी गफलत

प्रेस छोट्या प्रायमरला लावलेला आणि पुंगळी मोठ्या खाचेची, असं झालं तर काहीच अडत नाही, आणि म्हणूनच ते उशिरा लक्षात येतं. प्रायमर बसताना हाताला जो हलका दाब जाणवायला हवा, तो जाणवत नाही. प्रायमर गळून पडतो, पुंगळी तशीच पुढे सरकते, तिच्यात पावडर पडते आणि बुडाच्या भोकातून खाली झिरपते. शेलप्लेटखाली (पुंगळ्या धरणाऱ्या फिरत्या तबकडीखाली) पावडरचे दाणे दिसले की काम थांबवा. शेलप्लेट काढून ब्रशने सगळं झाडून घ्या आणि प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा सुरुवात करा. नुसतं वरवर पुसून पुढे गेलात तर उरलेले दाणे प्रायमर बसवण्याच्या जागी साचतात आणि पुढचे प्रायमर पूर्ण आत बसत नाहीत.

असा वर राहिलेला प्रायमर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर अडकवतो. पिस्तुलात पहिला ठोका नुसताच त्याला आत बसवण्यात जातो आणि काडतूस उडत नाही. भरलेलं प्रत्येक काडतूस डब्यात ठेवण्याआधी बुडावरून बोट फिरवा. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली, ०.००३ ते ०.००५ इंच, असायला हवा. बोटाला उंचवटा लागला की ते काडतूस वेगळं काढायचं.

प्रायमर बदलला, लोड तोच ठेवला

.४५ एसीपीमध्ये छोट्या आणि मोठ्या प्रायमरने गोळीच्या वेगात पडणारा फरक सहसा थोडाच असतो. तेवढ्यावर जाऊन रिलोडिंग मॅन्युअलमधल्या पावडरच्या कमाल मात्रेला हात घालू नका. लोड, म्हणजे गोळी-पावडरचं ठरलेलं प्रमाण, कोणत्या प्रायमरने तपासला आहे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तो बदलला तर सुरुवातीच्या मात्रेपासून पुन्हा वर या आणि क्रोनोग्राफ या वेग मोजणाऱ्या यंत्रावर वेग बघा. पिस्तुलाच्या पुंगळीत मोठा रायफल प्रायमर बसवण्याचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. तो उंचीला जास्त असतो आणि खाचेबाहेर डोकावतो.

छोट्या खाचेच्या पुंगळ्या फेकून देणं

अनेक जण वैतागून त्या सरळ भंगारात घालतात. मला हे पटत नाही. २०२० नंतर अमेरिकेत प्रायमरचा दुष्काळ पडला, तेव्हा ९ एमएमसाठी घेतलेले छोटे प्रायमर घरात असणाऱ्यांनी याच पुंगळ्यांवर .४५ चालू ठेवली. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर प्रायमरचं माप बदलणं कटकटीचं असतं, हे खरं. पण ९ एमएम आणि .४५ दोन्ही भरणाऱ्याने .४५ फक्त छोट्या खाचेत भरायची ठरवली तर प्रेसची प्रायमर यंत्रणा कधीच बदलावी लागत नाही. मी तर हेच सुचवेन, आणि मोठ्या खाचेच्या पुंगळ्या मोठ्या प्रायमरवाल्या मित्राशी अदलाबदल करून टाका. हे जमत नसेल तर छोट्या साठवून ठेवा, चार-पाचशे जमल्या की एकाच बैठकीत भरून काढा. तोवर दोन डबे वेगवेगळ्या रंगांचे, दोघांच्या झाकणांवर आणि अंगावरही जाड मार्करने ‘छोटा’, ‘मोठा’ लिहिलेलं, कारण झाकणांची अदलाबदल होते.