सेकंडहँड गाडी खराब निघाली : ब्रिटनमध्ये बँकेकडून पैसे परत कसे मागायचे

डीलरकडून घेतलेली गाडी तीन आठवड्यांत धूर ओकू लागते. डीलर आधी ‘आणून दाखवा’ म्हणतो, मग ‘मेकॅनिक सुट्टीवर आहे’, आणि शेवटी फोन उचलणंच बंद करतो. अशा वेळी बँकेकडून पैसे परत मिळू शकतात. मात्र कोणत्या मार्गाने आणि किती, हे मुख्यतः तुम्ही पैसे कसे दिले होते त्यावर ठरतं. म्हणून गॅरेज शोधण्याआधी बँकेचं स्टेटमेंट आणि डीलरची पावती समोर ठेवा.

क्रेडिट कार्ड : थोडे पैसे दिले असतील तरी चालतं

१९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टमधलं कलम ७५, म्हणजेच बँकेच्या भाषेत ‘सेक्शन ७५’, असं सांगतं की १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला किंवा खोटी माहिती दिली, तर कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. मर्यादा वस्तूच्या किमतीला आहे, कार्डावर भरलेल्या रकमेला नाही. गाडी ७,९९५ पौंडांची, त्यातले २५० पौंड बुकिंग म्हणून क्रेडिट कार्डावर दिले, उरलेले ७,७४५ ट्रान्सफर केले, तरी दावा पूर्ण ७,९९५ पौंडांचा करता येतो. शिवाय टोइंग, तपासणी असा बिघाडामुळे झालेला वाजवी खर्चही मागता येतो. डीलरचा धंदा बुडाला असला तरी बँकेची जबाबदारी संपत नाही. या कलमाचा खरा उपयोग तिथेच होतो.

दावे अडकतात ते साखळी तुटल्यामुळे. कर्जदार (म्हणजे ज्याच्या नावावर कार्डाचं खातं आहे तो), बँक आणि विक्रेता या तिघांचा थेट संबंध लागतो. पावती बायकोच्या नावाची आणि कार्ड नवऱ्याचं, किंवा ॲडिशनल कार्डहोल्डरने, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावरचं जादा कार्ड वापरणाऱ्याने, स्वतःसाठी गाडी घेतली, की बँक बोट ठेवते. मध्ये पेपालसारखी पैसे पुढे पोचवणारी कंपनी असेल तरी प्रश्न उभा राहतो. कार्डाने एटीएममधून काढलेल्या रोख रकमेला कलम ७५ लागू नाही. भारतातल्या बँकेचं क्रेडिट कार्ड ब्रिटनमध्ये वापरलं तर त्यालाही नाही, कारण तो करार ब्रिटिश कायद्याखालचा नाही. नुकत्याच आलेल्या माणसाला इथलं क्रेडिट कार्ड लगेच मिळत नाही आणि तो मुंबईचं कार्ड पुढे करतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. त्या कार्डावर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत घेणं, मागता येतो, पण ती वेगळी गोष्ट आहे.

‘क्रेडिट कार्ड दिलंत तर दोन टक्के जास्त’ असं डीलर म्हणाला तर ते बेकायदा आहे. १३ जानेवारी २०१८पासून वैयक्तिक कार्डावर असा अधिभार लावता येत नाही. कार्ड मुळीच न घेण्याची मुभा मात्र त्याला आहे.

डेबिट कार्ड, ट्रान्सफर, हप्ते

डेबिट कार्डावर चार्जबॅक असतो. तो कायद्याने दिलेला हक्क नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांतली ती सोय आहे. मुदत साधारण १२० दिवसांची, आणि परत मिळते ती फक्त कार्डावरून गेलेली रक्कम. सदोष वस्तूसाठी व्हिसाचा नियम असा की तुम्ही ती परत केली किंवा परत करण्याचा प्रयत्न केला, हे दाखवावं लागतं. गाडी तशीच वापरत राहून चार्जबॅक टाकला तर डीलर हरकत घेतो आणि खात्यात आलेले पैसे पुन्हा जातात. सुरुवातीला जमा झालेली रक्कम तात्पुरती असू शकते. दुसऱ्या गाडीच्या ॲडव्हान्सला ती लगेच देऊन टाकू नका.

बँक ट्रान्सफरला यातलं काहीच लागू नाही. ऑक्टोबर २०२४पासून फसवणुकीत गेलेले ट्रान्सफर बँकांनी भरून देण्याचा नियम आला, तो ऐकून अनेक जण त्याच रांगेत उभे राहतात. तो नियम ठगांनी उकळलेल्या पैशांसाठी आहे. खऱ्या डीलरने खरी, पण खराब गाडी दिली हा व्यवहारातला वाद ठरतो आणि बँक त्यावर हात वर करते. बँकेकडून पर्सनल लोन काढून ते पैसे डीलरला दिले असतील तर तेही साधारणपणे रोखीसारखंच धरलं जातं.

गाडी हायर पर्चेस किंवा पीसीपीवर, म्हणजे फायनान्स कंपनीच्या हप्त्यांवर, असेल तर कलम ७५ शोधत बसू नका, कारण तुमची बाजू त्याहून भक्कम आहे. कागदोपत्री गाडीची मालक फायनान्स कंपनी आहे, ती तुम्हाला तिनेच पुरवली आहे. म्हणजे गाडीच्या दर्जाची जबाबदारी थेट तिची. तक्रार डीलरला नाही, फायनान्स कंपनीला लिहा. आणि रागाच्या भरात डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) रद्द करू नका. थकलेला हप्ता क्रेडिट रेकॉर्डवर बसतो आणि पुढे घराच्या कर्जाच्या वेळी आडवा येतो. गाडीचा वाद जिंकलात तरी.

खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला खाली सांगितलेले हक्क लागू होत नाहीत. तिथे गाडी वर्णनाप्रमाणे असावी एवढीच अपेक्षा कायदा धरतो, आणि बँकेचा मार्ग बहुधा बंद असतो.

तीस दिवस, सहा महिने

बँक विचारते : डीलरने कोणता करार मोडला? उत्तर २०१५च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टमध्ये आहे. गाडी समाधानकारक दर्जाची, कामाला योग्य आणि वर्णनाप्रमाणे हवी. ‘समाधानकारक’ हे वय, मैल आणि किमतीच्या मापाने मोजतात. तीन वर्षांच्या, १४,००० पौंडांच्या गाडीचा गिअरबॉक्स दोन महिन्यांत गेला तर दोष उघड आहे. बारा वर्षांच्या, १,८०० पौंडांच्या गाडीचा क्लच संपला तर तिला झीज म्हणतात. ब्रेक पॅड, टायर, वायपर यांवर दावा उभा राहत नाही.

ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत दोष आढळला तर गाडी सरळ नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, वापराची कपात न होता. डीलरला दुरुस्ती करू द्यायला तुम्ही राजी झालात तर तेवढे दिवस घड्याळ थांबतं, आणि गाडी परत आल्यावर किमान सात दिवस उरतात. तीस दिवस उलटले तर डीलरला एकदा दुरुस्तीची संधी द्यावी लागते. एकदाच. ती फसली की गाडी नाकारता येते. पण गाड्यांच्या बाबतीत कायद्याने मुभा असल्यामुळे वापराबद्दल काही रक्कम कापली जाऊ शकते. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं या टप्प्यावर गृहीत धरतात, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करणं डीलरवर येतं. तीस दिवसांच्या नकाराला हे गृहीतक लागू नाही. तिथे पुरावा तुम्ही द्यायचा.

पावतीवर ‘सोल्ड ॲज सीन’ किंवा ‘नो रिफंड’ असा शिक्का असेल तर तो डीलरकडून घेतलेल्या गाडीत निरर्थक आहे. मात्र विकताना डीलरने एखादा दोष नेमका दाखवून दिला असेल, तर त्या दोषावर दावा नाही.

रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं हवं

बहुतेक दावे इथे मरतात. ओळखीच्या गॅरेजवाल्याने ‘टायमिंग चेन खराब, इंजिन उघडावं लागेल’ असं लिहून दिलं, तर बँक म्हणते : असेल, पण कधी खराब झाली? तपासणी गाडी दुरुस्त करण्यात रस नसलेल्या माणसाकडून करून घ्या. ए.ए., आर.ए.सी. या वाहनचालकांना मदत करणाऱ्या कंपन्यांकडे स्वतंत्र तपासनीस मिळतात. त्याला आधीच सांगा की रिपोर्टमध्ये चार गोष्टी हव्यात : तपासणीच्या दिवशीचे मैल, स्कॅनरवर दिसलेला गाडीच्या कॉम्प्युटरचा बिघाड-कोड, दोषाचं कारण, आणि तो विक्रीच्या दिवशी होता का याबद्दलचं मत.

चांगला रिपोर्ट असा वाचता येतो : ‘विक्रीपासून गाडी १,१४० मैल चालली आहे. पी००१६ कोड, क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलेला. चेन ताणली आहे. इतका ताण एवढ्या मैलांत तयार होत नाही. त्यामुळे दोष विक्रीच्या वेळी असावा असं माझं मत आहे.’ हे शेवटचं वाक्य नसेल तर रिपोर्टचे पैसे जवळपास फुकट गेले समजा.

डिझेल गाडीत पी२४६३, म्हणजे डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठल्याचा कोड, आला तर डीलरचं उत्तर ठरलेलं असतं : ‘तुम्ही गावातच चालवता, म्हणून तुंबला.’ कधी ते खरंही असतं. म्हणून तपासनीसाला विचारा की इंजेक्टर, ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोच्या बिघाडामुळे काजळी वाढली का. कारण तिथे सापडलं तर तुमच्या चालवण्याचा मुद्दा गळून पडतो.

दुसरा पुरावा फुकट आहे. सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास दिसतो : मैल, नापास झालेल्या बाबी, ॲडव्हायजरी (पास झाली तरी लक्ष ठेवायच्या बाबी). विक्रीआधीच्या एमओटीत ‘तेल गळती’ लिहिलं असेल तर दोष जुना होता हे तिथेच कळतं. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र गाडी घेण्याआधीच काढलेले हवेत, कारण गाडी विकली की जाहिरात उतरते. ‘फुल सर्व्हिस हिस्टरी’ असं जाहिरातीत होतं आणि वहीत मधली तीन वर्षं कोरी असतील, तर वर्णन चुकल्याचा स्वतंत्र मुद्दा मिळतो.

तपासणीआधी गाडी दुसरीकडे दुरुस्त करून घेऊ नका. बदललेला जुना भाग कचऱ्यात गेला की पुरावाही गेला.

डीलरला पत्र, मग बँकेला

कलम ७५ साठी आधी डीलरशी भांडून संपवलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण लेखी मागणी केलेली असली तर फाइल भक्कम होते. ईमेल करा, फोन नको. वाक्य इंग्रजीत सरळ लिहा : ‘आय ॲम रिजेक्टिंग द कार अंडर द कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५.’ ‘आय ॲम नॉट हॅपी विथ द कार’ हे नाकारणं नव्हे, आणि मोजके तीस दिवस अशाच गुळमुळीत ईमेलांत संपतात. खाली गाडीचा नंबर, विक्रीची तारीख, किंमत, दोष, आणि उत्तरासाठी १४ दिवस. गाडी कुठे उभी आहे, कधी नेता येईल, हेही लिहा. त्यानंतर ती चालवू नका. नाकारलेल्या गाडीतून रोज ऑफिसला जाणाऱ्याचा दावा दुबळा होतो.

‘वॉरंटी कंपनीकडे जा’ असं उत्तर येईलच. वॉरंटी हा जादा करार आहे, त्याने तुमचे कायदेशीर हक्क कमी होत नाहीत.

मग बँक. ‘डिस्प्यूट’ एवढंच म्हणालात तर कॉल सेंटर चार्जबॅकचा फॉर्म उघडतं. ‘सेक्शन ७५ क्लेम’ हे शब्द उच्चारा. सोबत एकाच पीडीएफमध्ये तारखेप्रमाणे : जाहिरात, पावती, कार्डाची आणि ट्रान्सफरची नोंद, डीलरशी पत्रव्यवहार, तपासणी अहवाल, खर्चाच्या पावत्या. वर अर्ध्या पानाचा घटनाक्रम. दावा इंग्लंड आणि वेल्समध्ये सहा वर्षांच्या आत, स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांच्या आत करायचा.

बँक नाही म्हणाली, किंवा काहीच म्हणाली नाही

कलम ७५ चा दावा म्हणजे तक्रार नव्हे. दाव्याला बँक महिनोन्‌महिने लावू शकते, आणि तेवढा काळ तक्रारीला उत्तर देण्याचं आठ आठवड्यांचं घड्याळ सुरूच होत नाही. ते सुरू होतं ‘मला फॉर्मल कंप्लेंट नोंदवायची आहे’ असं लिहिल्यावर. उत्तर रखडलं किंवा नकार आला की हे वाक्य लिहा. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर प्रकरण फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, न्या. फी नाही, वकील लागत नाही. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांत मात्र गेलं पाहिजे. हायर पर्चेसच्या तक्रारीला आठ आठवडे पहिल्या दिवसापासूनच मोजतात, कारण ती मुळात तक्रारच असते.

ओम्बड्समनचा निर्णय तुम्ही स्वीकारला तर तो बँकेवर बंधनकारक होतो. नाही पटला तर कोर्ट आहेच. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्स (छोट्या दाव्यांची सोपी कोर्ट-पद्धत), आणि तिथे डीलरऐवजी थेट बँकेवरही दावा लावता येतो.

पैसे मंजूर झाले की गाडी कोण, कधी नेणार ते लेखी घ्या. न्यायचा खर्च तुमचा नाही. नेताना मैलांचा आणि चारही बाजूंचा फोटो काढा. व्ही५सी लॉगबुकमधून (गाडीच्या नोंदणीच्या कागदातून) गाडी ट्रेडला, म्हणजे डीलरकडे, गेल्याचं डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला कळवा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स आपोआप परत येतो. विमा मात्र गाडी दारातून हलेपर्यंत चालू ठेवा.