पूर्वजांचे सैनिकी जीवन अनुभवून कसे समजून घ्यावे

‘आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेत होते’ असे अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते. मात्र ते कोणत्या कामावर होते, मोहिमेत काय खात होते, पावसात कुठे निजत होते, असे विचारले की सांगणारा गप्प होतो. त्या काळच्या सैनिकाचे एकदोन दिवस जमेल तितक्या प्रामाणिकपणे स्वतः जगून पाहिले, तर यातले बरेच काही उलगडते.

सुरुवात तलवारीपासून न करता कागदापासून करावी. घरातील सनदा, इनामपत्रे, वाटणीपत्रे एकत्र करावीत. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळाची नावे शोधावीत आणि दक्षिण महाराष्ट्रातील घर असल्यास वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांकडे अवश्य चौकशी करावी. जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात, त्यामुळे मोडी शिकावी किंवा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही अभ्यासाची पुढची ठिकाणे होत.

त्यानंतर भूमिका ठरवावी, आणि माझ्या मते सर्वाधिक सचोटी येथेच लागते. स्वतःचा घोडा आणि हत्यार आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि पायी लढणारे ते हशम. याखेरीज घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, पाणी वाहणारे पखालजी आणि धान्याचे तांडे हाकणारे वंजारी यांच्यावाचून कोणतीही मोहीम चालत नसे. १७६१ च्या पानिपताच्या वेळी तर फौजेबरोबर बुणग्यांचा, म्हणजे न लढणाऱ्या लोकांचा, फार मोठा जमाव होता. कागदांत पूर्वज पखालजी असल्याचे दिसले, तर सरदाराचा पोशाख न चढवता पखालच वाहावी. त्याचे कष्ट समजून घेणे हाच त्याचा खरा मान आहे.

हत्यार चालवणे पुस्तक वाचून येत नाही. कोल्हापुरात मर्दानी खेळांची परंपरा आजही जिवंत आहे. तेथील एखाद्या वस्तादांकडे रीतसर शिकावे आणि आरंभ लाठीने करावा. दांडपट्टा हाती येतो तेव्हा त्याचे वेगळेपण लगेच जाणवते. त्याची मूठ आडवी असून ती लोखंडी खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या कवचाच्या, आत असते, त्यामुळे मनगट जवळपास जखडले जाते आणि वार कोपर, खांदा व कंबर यांच्या फिरण्यातून काढावा लागतो. थोड्याच वेळात खांदा भरून येतो आणि बराच वेळ लढणाऱ्याची तालीम किती कडक असेल, हे कळते. सरावासाठी बोथट हत्यारेच वापरावीत. सार्वजनिक ठिकाणी ती नेण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्यावी.

पोशाख सुती असावा, सोबत घोंगडी आणि चामडी वहाणा असाव्यात. शिदोरीत भाकरी, कांदा, भाजलेले हरभरे चालतील. बटाटा आणि टोमॅटो मात्र शिवकाळातील सैनिकाच्या शिदोरीत नव्हते.

आता प्रत्यक्ष वाट चालावी. १६६० च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, त्या मार्गावर दरवर्षी पावसाळ्यात अनेक गट पदभ्रमण करतात. पन्हाळ्याच्या राजदिंडी वाटेने उतरून म्हसाई पठार आणि पांढरेपाणी या मार्गाने पावनखिंडीपर्यंत जाता येते. आज बहुतेक गट या वाटेला दोन दिवस देतात; मावळ्यांनी ती रात्रीच्या अंधारात, पाठीवर शत्रू असताना कापली. चालताना वहाणेचे चामडे भिजून सैल पडते आणि चिखलात पाय आतल्या आत सरकू लागतो, तर घोंगडी ओली होऊन जड झाली तरी ऊब देत राहते. वाटेत थांबून भिजलेल्या सुती दोरीला विस्तव लावून पाहावा, म्हणजे आषाढाच्या पावसात बंदुकीचा तोडा, म्हणजे ती उडवणारी जळती वात, पेटती ठेवणे किती अवघड होते, ते समजते. बंदुकीची दारू मात्र मुळीच हाताळू नये.

मुक्कामावर पोहोचताच, अंग दुखत असतानाच, टिपणे लिहावीत: काय जड वाटले, तहान कुठे लागली, कोणती वस्तू निरुपयोगी ठरली. नंतर तीच टिपणे घरच्या कागदांशेजारी ठेवून ते कागद पुन्हा वाचावेत. आपल्याला जे जाणवले ते ‘अनुभव’ आणि कागदाने जे सांगितले ते ‘पुरावा’ अशा दोन वेगळ्या रकान्यांत नोंदवावे, म्हणजे पुढच्या पिढीला एकाच्या जागी दुसरे वाचण्याची वेळ येणार नाही.