फोटो झकास आहे, तरी रिजेक्ट का होतो?

लग्नाच्या ऑर्डरी करणारी आमच्या कोल्हापुरातली बरीच पोरं हल्ली सीझन संपला की स्टॉक साइटवर (जिथं कुणीही येऊन तयार फोटो विकत घेतं) फोटो टाकायला लागतात. पहिल्या लॉटमधले ढीगभर परत येतात आणि खाली कारण एका शब्दात असतं: नॉइज (फोटोत दिसणारे खडबडीत दाणे), फोकस, आर्टिफॅक्ट्स (कॅमेऱ्यानं किंवा एडिटिंगनं उमटवलेल्या खोट्या खुणा). मग मोबाइल पुढं करून विचारतात, "दादा, ह्यात वाईट काय हाय सांगा की." मोबाइलवर काहीच वाईट नसतं. घोळ तिथंच आहे.

तपासणारा फोटो १०० टक्के झूमवर बघतो, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा असतो. फुल एचडी स्क्रीनवर १०० टक्क्याला त्याचा जेमतेम बारावा हिस्सा मावतो. अल्बमवाल्या गिऱ्हाइकाला नवरीचा चेहरा छान आला की बास. इथं विकत घेणारा कुठलातरी कोपरा कापून तो पानभर छापू शकतो, त्यामुळं कोपराही स्वच्छ लागतो. अपलोड करण्याआधी प्रत्येक फोटो १०० टक्क्याला डावीकडून उजवीकडं सरकवत बघायची सवय लावा. नवी लेन्स घेण्याआधी हे करा, फुकटात होतं.

आता आपल्या भागातलीच उदाहरणं घेऊ. जोतिबाची चैत्र यात्रा म्हटलं की गुलाल आलाच. गुलालाचा गडद गुलाबी रंग कॅमेऱ्याचा लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून टाकतो. साधा पांढरा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) मात्र ठीक दिसतो, कारण तो एकूण उजेड दाखवतो, रंग वेगळे काढत नाही. घरी येऊन बघावं तर गुलालाच्या ढगात ना कण, ना पोत, नुसता गुलाबी पट्टा. म्हणून लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवा, लाल बाजू उजव्या कडेला चिकटली की एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनला हात लावू नका. दुसरं, डोंगरावर उघड्यावर लेन्स बदलू नका. सेन्सरवर बसलेला कण एफ/२.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक (ॲपर्चर) मोठं असताना, विरघळून जातो, पण भोक लहान करून एफ/१६ ला निळ्या आभाळात काळा ठिपका होऊन उभा राहतो. परत आल्यावर मोकळ्या आभाळाचा एक फोटो एफ/२२ ला काढून बघा, सेन्सरचा सगळा हिशेब कळतो.

पंचगंगा घाटावर वेगळीच गंमत. देवळांचे काळे दगड आणि मागं पांढरं झगझगीत आभाळ. अशा कडेला जांभळी-हिरवी रेघ येते, तिला क्रोमॅटिक ॲबरेशन म्हणतात. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती काढायचा एक चेकबॉक्स आहे, तो बहुतेक जण टिकच करत नाहीत. कडेची रेघ बरीचशी त्यानं जाते. जांभळा हट्टी पट्टा राहिलाच तर ॲपर्चर एफ/५.६ किंवा एफ/८ ला आणून पुन्हा काढा. मात्र "जास्त बंद म्हणजे जास्त शार्प" हा गैरसमज सोडा. एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळं, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरल्यामुळं, अख्खा फोटो मऊ पडतो.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कोल्हापुरी साज जवळून टिपताना तर एफ/२.८ ला साजाचं एखादंच पान शार्प येतं, शेजारची पानं धूसर. ट्रायपॉड, एफ/११, आणि जमलं तर फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो एकात जोडणं). दुकानातले एलईडी स्वस्तातले असले की फोटोवर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा, पट्टे सहसा जातात.

तालमीतला अंधार हा सगळ्यात अवघड पेपर. लोक नॉइजला घाबरून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० वर अडतात आणि मग काळपट फोटो एडिटिंगमध्ये दोन-तीन स्टॉप वर ओढतात. सावल्यांमध्ये रंगीत खडीच पसरते. त्यापेक्षा ३२०० ला नीट एक्स्पोज केलेला फोटो बहुतेक वेळा बरा निघतो. नॉइज रिडक्शन रेटून मारलं की पैलवानाची कातडी मेणासारखी दिसते आणि तोच फोटो दुसऱ्या कारणानं परत येतो. थोडा नॉइज उरला तर फोटो ४००० बाय २६६७ पर्यंत लहान करा. तो साधारण १०.७ मेगापिक्सेल होतो, आणि ॲडोब स्टॉक, शटरस्टॉक दोन्हीकडं किमान मर्यादा ४ मेगापिक्सेलची आहे. उलटं, लहान फोटो ओढून मोठा करणं कधीच नको. (चेहरा ओळखू येत असेल तर जाहिरातीच्या वापरासाठी मॉडेल रिलीज (त्या माणसाची लेखी परवानगी) लागतो, तो विषय वेगळा.)

मोबाइलचे फोटोही चालतात. पण नाइट मोडमध्ये झाडाची पानं रंगवल्यासारखी होतात आणि डिजिटल झूम म्हणजे सरळ नापास. दिवसा, रॉ फॉर्मॅटमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा.

राहिलं एडिटिंग. आपल्याला सगळंच झणझणीत लागतं, रंकाळ्याचा सूर्यास्तही. रीलवर चालणारा प्रीसेट (तयार एडिटिंग सेटिंग) लावला की डोंगराच्या कडेला पांढरी झालर दिसते, आभाळात पायऱ्या पडतात. क्लॅरिटीचा (कडा उठावदार करणारा) स्लायडर निम्म्यावर आणा, एसआरजीबी या रंगपद्धतीमध्ये, जेपेगच्या वरच्या क्वालिटीला एक्स्पोर्ट करा.

परत आलेला फोटो तसाच पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. नॉइज, ठिपके, जांभळी रेघ असली तर मूळ रॉ उघडून नव्यानं करा. कारण फोकस असेल तर आधी शटर बघा: २०० एमएमची लेन्स क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) हातात धरली असेल आणि स्टॅबिलायझेशन (हादरा सावरायची सोय) नसेल, तर १/३०० सेकंदाच्या खाली हात हलतोच. हललेला फोटो कुठल्याच स्लायडरनं सुधारत नाही, तो डिलीट करा आणि पुढच्या फोल्डरला लागा.