पुडी बरोबर, पाणी चुकीचं : जुलाबात ओआरएस देताना या चुका टाळा

लेकराला जुलाब लागलेत म्हणून पाड्यावरून बोलावणं आलं की मी ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याची, पुडी नंतर बघते. आधी म्हणते, "ताई, पाणी कशात कालवलंत ते भांडं दाखवा." मागच्या पावसाळ्यात एका घरात स्टीलचा पेला पुढे आला, रोजचा पाणी प्यायचा. त्यात आशाताईने दिलेली लिटरभराची अख्खी पुडी ओतलेली. वर्षाचं पोर एक घोट घेऊन तोंड फिरवत होतं आणि आजी सांगत होती, "औषध कडक असलं की गुण लवकर येतो."

इथे उलटं होतं. घट्ट कालवलेल्या पाण्यामुळे रक्तातलं मीठ वाढतं, पोर आणखी तहानतं, किरकिर करतं, प्रसंगी झटके येतात. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मग घरचे म्हणतात, ओआरएस बाधलं.

या गोंधळात सगळा दोष आजीचा नाही. उपकेंद्रात मिळणारी पुडी साधारण २०.५ ग्रॅमची, १ लिटर पाण्यासाठी. मेडिकलमध्ये मात्र ४ ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडीही मिळते, ती २०० मिलीची, म्हणजे एका पेल्याची. एकदा छोटी वापरलेली बाई पुढच्या वेळी मोठीही पेल्यातच टाकते. पाण्याचं माप पुडीवर छापलेलं असतं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

घरातला तांब्या किती लिटरचा, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मी १ लिटरची पाण्याची रिकामी बाटली धुऊन ठेवायला सांगते. त्या मापाने उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं आणि मोठी पुडी एका वेळी पूर्ण टाकायची. अर्धी डोळ्यांच्या अंदाजाने कधी अर्धी होत नाही, आणि उरलेली ओल धरते. कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही, वरून साखर घालायची नाही, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पुडी हाताशी नसेल तर तेवढ्याच पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा बोटाने सपाट करा, शीग नको. पाजण्याआधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ते फेका.

"दिलं की ओकतं," ही दुसरी तक्रार. बहुतेक वेळा वाटी तोंडाला लावून गटागट पाजलेलं असतं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. वेळखाऊ काम आहे, खरंय. पण घरात आजी, मावशी, मोठी बहीण असतेच. दर पातळ शीनंतर २ वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली.

झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी फळीवर जातात. त्या १४ दिवस द्यायच्या असतात : २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यावरच्याला ५ वर्षांपर्यंत २०. अंगावरचं दूध तोडू नका. मोठ्या मुलाला पेज, मऊ वरणभात चालू द्या; पोट रिकामं ठेवून जुलाब थांबत नाहीत. दुकानातल्या गोड, फळांच्या चवीच्या खोक्यांना ओआरएस समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेने, अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, ती उगाच नाही.

आणि सलाईन. "बाटली लावल्याशिवाय तरतरी येत नाही" हे मी आठवड्यातून दोनदा ऐकते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पिऊ शकणाऱ्या पोराला सुई टोचून घ्यायला पदरचे पैसे मोजायची गरज नसते.

पण काही पोरांना सलाईन लागतंच, आणि तिथे घरी बसून चमचे मोजणं ही सगळ्यात महाग चूक. डोळे खोल गेलेत, टाळू खचलीय, पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा हळूहळू सरळ होतोय, मूल मलूल पडलंय किंवा पीतच नाही, शीमध्ये रक्त आहे : यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मूल शुद्धीत असेल, गिळत असेल, तर बाटली आणि चमचा बरोबर घ्या आणि गाडीतही पाजत राहा.